मामांनी कंपनी तपासली

मामांची सव्वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली आणि उरलेला सगळा वेळ जगाची खुसपटं काढण्यात. जुनी कंपनी बुडाली तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते. तेव्हापासून आठ महिने ते ताईकडे, म्हणजे थोरल्या बहिणीकडे राहत होते. ताईचे गुडघे कामातून गेलेले. तरी एका दंतवैद्याच्या सहाव्या मजल्यावरच्या दवाखान्यात झाडूपोछा करून ती स्वतःचं, मुलीचं आणि आता भावाचंही भागवत होती. जेवायला वाढताना ती कधी एक शब्द बोलायची नाही, आणि मामांच्या मनाला नेमकं तेच लागायचं.

वय बघून सहा ठिकाणांहून नकार आले होते. सातव्या कंपनीने मात्र मुलाखतीला बोलावलं.

"मामा, जाण्याआधी कंपनीचा अभ्यास करायचा असतो," भाची म्हणाली. ताईची ही मुलगी एका ऑफिसात बिनपगारी उमेदवारी करत होती, त्यामुळे हे शास्त्र तिला ठाऊक होतं. तिने मोबाईलवर वेबसाइट उघडली. पिवळं हेल्मेट घातलेली एक बाई लिफ्टच्या बटणाकडे बघून हसत होती.

"ही कशाला हसतेय?"

"फोटो आहे हो तो."

"सव्वीस वर्षांत बटणाकडे बघून हसणारं माणूस मी पाहिलं नाही. बरं, पुढे वाच."

"'सुरक्षितता हा आमचा श्वास आहे. आम्ही कंपनी नाही, कुटुंब आहोत.' हे पाठ करा. ते विचारतातच."

मामांनी नाक मुरडलं, पण पाठ केलं. मात्र वेबसाइट वाचून कंपनी कळते यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पानाच्या तळाशी ग्राहकांची यादी होती. ज्या ज्या इमारतींच्या लिफ्ट ही कंपनी सांभाळत होती, तिथे ते दुसऱ्या दिवसापासून स्वतः जाऊन वरखाली करू लागले. वॉचमनने हटकलं की खालच्या पाट्या वाचून कुठे वकिलाकडे जायचंय म्हणायचे, कुठे चष्मा करायचाय म्हणायचे. केबिनमध्ये शिरले की डोळे मिटून आवाज ऐकायचे आणि दार उघडलं की उंबऱ्याकडे बघायचे. एकीकडे पंखा बंद, दुसरीकडे दार बंद व्हायच्या आधी दोनदा आपटायचं. "श्वास म्हणे!" मामा पुटपुटायचे.

पाचवी इमारत ताईच्या दंतवैद्याची निघाली. लिफ्ट सहाव्या मजल्यावर थांबली ती तीन बोटं खाली, आणि थांबल्यावर आणखी बोटभर घसरली. ब्रेक घासून संपत आला होता. केबिनच्या भिंतीवर प्लास्टिकच्या पाकिटात देखभालीचं कार्ड होतं. दर महिन्याला मेकॅनिक तपासणी करून त्यावर तारीख घालतो, सही करतो. महिना चालला होता मार्च आणि सह्या होत्या थेट येत्या डिसेंबरपर्यंत, सगळ्या एकाच पेनाने, एकाच बैठकीत ठोकलेल्या. महिनाअखेरची सही दोन दिवस आधी उरकणारे महाभाग मामांनी पाहिले होते. पण अख्खं वर्ष? निदान पेन तरी बदलायचं, मेल्यांनो!

"ताई, उद्यापासून जिन्याने जा," घरी आल्यावर ते म्हणाले.

"सहा मजले? माझे गुडघे काय तुझ्या कंपनीने बसवून दिलेत? गप जेव."

मुलाखतीला सूटबूटातले एक साहेब होते. त्यांनी विचारलंच, "आमच्याबद्दल काय माहिती काढलीत?"

मामांनी श्वास आणि कुटुंब दोन्ही म्हणून दाखवलं. साहेब खूश झाले. "वा! आणखी काही?"

इथे मामांनी गप्प बसायला हवं होतं, आणि ते त्यांना कळतही होतं. पण सव्वीस वर्षांची खोड. पंखा, दार, ब्रेक, डिसेंबरच्या सह्या, सगळं त्यांनी साहेबांपुढे ओतलं आणि उठायच्या तयारीत बसले.

साहेब चिडले नाहीत. उठून त्यांनी दार लावून घेतलं. "असे डोळेच हवेत आम्हाला. सोमवारपासून या. सुपरवायझर म्हणून."

मामांच्या डोळ्यांपुढे आधी ताईचा चेहरा आला.

"फक्त येताना तेवढं कार्ड काढून आणा. आपण नवं लावू."

"आणि ब्रेक?"

"तो बघू पुढच्या तिमाहीत. आता तुम्ही घरचेच. सांभाळून घ्यायचं."

मामांनी मान हलवली. तसेच तडक दंतवैद्याच्या इमारतीत गेले आणि पाकिटातून कार्ड काढलं. ते घेऊन लिफ्ट तपासणीच्या सरकारी कचेरीत गेले, तिथल्या निरीक्षकाच्या टेबलावर ठेवलं, आणि पोच मिळेपर्यंत जागचे हलले नाहीत. येताना सगळ्या रस्त्याने स्वतःलाच शिव्या घालत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी निरीक्षकाने लिफ्टला सील ठोकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ताईला जिना चढावा लागला. मामा तिच्या कोपराला धरून सोबत चढत होते.

"कुणा मेल्याला ही अवदसा आठवली?" ताई धापा टाकत म्हणाली.

"मला."

चौथ्या मजल्यावर ती थांबली. "आणि नोकरीचं काय झालं? दोन दिवस विचारतेय मी."

"मिळाली होती," मामा म्हणाले.

ताई मटकन पायरीवर बसली. मग कठड्याला धरून उठली.

"वर पोचले की तुला शिव्या देते," ती म्हणाली. "आत्ता दम नाही."