दोघींचा मुराळी

लढाईच्या त्या वर्षांतलं आता मला सगळं धुक्यातून दिसतं. धुकं तेव्हा खरंच होतं, की माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांनी ते मागाहून घातलं, हे सांगता येत नाही. बेळगावजवळ येळ्ळूरच्या अंगाला माझं सासर. आषाढात तिथं दिवस धड उजाडायचाच नाही, नुसता राखी होऊन राहायचा. अशाच एका राखी दिवशी आम्ही भातात भांगलत होतो. मान वर केली तर बांधावर एक बाई उभी. डोक्यावर घोंगडीची खोळ, पोटऱ्यांपर्यंत चिखल. मला वाटलं, माझाच डोळा लागला. ओणव्यानं भांगलताना मला अशी डुलकी यायची आणि डुलकीत माहेरची माणसं दिसायची. पण ही बाई काही न बोलता वाफ्यात उतरली आणि माझ्या शेजारची पात धरून तण उपटायला लागली.

संध्याकाळी सासूबाईंनी तिला भाकरी दिली. सासूबाई फार मायाळू होत्या असं मी म्हणणार नाही. कामाला आलेले दोन हात त्यांना कधी जड झाले नाहीत, इतकंच. ती गोठ्याच्या सोप्यात राहू लागली. हळूहळू कळलं ते असं. ती घाटाखालची, पोर्तुगिजांच्या हद्दीतली. नवरा वारला तशी दिरानं तिला घराबाहेर काढलं आणि परत दिसलीस तर कोयत्यानं तोडीन म्हणाला. गुरं घेऊन वर येणाऱ्या गवळ्यांच्या मागून ती रानातून घाट चढून आली होती. चौकी चुकवून आली, त्यामुळे जवळ कसला कागद नव्हता.

मला तिचा राग यायचा, साफ सांगते. कारण तिचं बोलणं. माझं माहेर गुंजीच्या पलीकडं, रानात. आमच्याकडं कुठंला खंय म्हणतात. लग्नानंतर पहिल्याच सकाळी मी सासूबाईंना विचारलं, "घागर खंय आसा?" तर सगळं घर पोट धरून हसलं, आणि पुढं वर्षभर शेजारपाजारची पोरं मला बघून "खंय, खंय" करत पळायची. त्या दिवसापासून मी जीभ घासून काढली. दोन वर्षांत लई आणि न्हाय त्यांच्यापेक्षा ठसक्यात म्हणायला लागले. आणि आता ही बाई आमच्याच गोठ्यात बसून, म्हशीशी माझ्या आईच्या तोंडचं बोलत होती. पहाटे अर्धवट झोपेत ते कानावर आलं की क्षणभर मी माहेरच्या चुलीपाशी असायची. जागी झाले की चिडायची.

मग हुकूम आला. साखर-रॉकेलच्या कार्डासाठी घरटी माणसं लिहून घ्यायची, आणि हद्दीपलीकडून बिनकागदाचं कोणी आलं असेल तर त्याला बेळगावला नेऊन द्यायचं. तिथून सरकार त्याला परत घाटाखाली सोडणार. पोलीस पाटील वही घेऊन देवळाच्या कट्ट्यावर बसले. सगळं गाव गोळा झालं. आम्ही बायका पाण्याच्या घागरी घेऊन जाता जाता थांबलो, त्या थांबलोच.

"आज एकीला ठिवून घेतली की उद्या अख्खा घाट वर येतोय बघा," एक जण म्हणाला.

"आली तर आली. भांगलायला माणूस मिळतंय कुठं? निम्मी पोरं लढाईवर गेल्यात."

"पर परदेशी बाई ती. सरकारचा नेम हाय."

परदेशी. ती आमचीच देवी पुजायची, आमच्यासारखंच नेसायची, आणि परदेशी. आणि मी घागरी घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांकडं पाहिलं. एक हलगा गावची, एक उचगावची, सासूबाई पार निपाणीकडच्या. त्या गावातली एकूण एक सून बाहेरून आलेली होती. आम्हांला वहीत लिहिताना कोणी कागद मागितला नव्हता. अमक्या गावची लेक म्हटलं की झालं.

पाटलांनी तिला पुढं बोलावलं. "कुठलं गाव गं तुझं?"

तोंड उघडलं की पकडली जाणार, हे तिला कळत होतं. त्या कोयत्याची गोष्ट मला आठवली आणि पुढचं मी केलं की माझ्यातल्या दुसऱ्या कुणी केलं, देव जाणे. घागर खाली ठेवून मी भर गावात माझ्या जुन्या बोलीत ओरडले, "खंय गेल्लीस गो तू? कवाधरनं सोधतंय तुका!"

सगळा कट्टा हसला. माझं तोंड तापलं. पण पाटील हसता हसता थांबले. "म्हंजी? तुझ्यातली हाय ही?"

"व्हय, पाटीलमामा. माझ्या माहेरची. चुलत घरातली," मी म्हटलं. "माझी आक्का लागती."

सासूबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की आजही पाठीवर काटा येतो. पण घरातलं घरात, या हिशेबानं त्या बोलल्या नाहीत. पाटील मात्र कच्चे नव्हते. त्यांनी टाक उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. "पंचमी आली की आता. तुझा मुराळी येणार न्हवं? त्याला इचारतो, मग लिवतो. तवर ऱ्हाऊ दे."

मुराळी म्हणजे सासुरवाशिणीला सणाला न्यायला येणारा माहेरचा माणूस. माझा मुराळी माझा थोरला भाऊ, आण्णा. तो देवळात दिवा लावणारा, खोटं बोललं की देवी वाचा नेते असं मानणारा. त्याला आधी निरोप धाडायचा तर गावात पत्र लिहून देणारे एकच मास्तर, आणि ते पाटलांच्या पंगतीचे. दरवर्षी मी पंचमीची वाट बघत बोटं मोजायची. त्या साली देवाला म्हणत होते, आण्णाला ताप आण, नदीला पूर आण. सगळीकडं झोपाळे बांधले जात होते आणि झिमझिम पावसात बायकांची गाणी दूरवरून, पाण्याखालून आल्यासारखी ऐकू यायची. ती गोठ्यात बसून माझ्याकडं बघायची.

पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी आण्णा आला. छत्री, खांद्यावर पिशवी, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. आमच्या दारात पोचायच्या आधीच पाटलांनी त्याला गाठलं आणि दोघे बरोबरच अंगणात आले. मी उंबऱ्यात. ती गोठ्याच्या दारात.

"पाव्हणं, ही तुमच्याच गावची काय?" पाटलांनी बोट केलं.

आण्णानं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. खूण करावी असं खूप वाटलं, पण माझी मान दगडाची झाली होती. वळचणीचं पाणी टपटपत होतं. मग तीच हलली. पाण्याचा तांब्या घेऊन आली, त्याच्या पायांपाशी ठेवला, पदर सावरला आणि वाटेतल्या पावसाचं हळूच आमच्या बोलीत विचारलं, "वाटेर पावस आशिल्लो?"

तिच्या तोंडून त्या गावात चारचौघांसमोर पहिल्यांदाच एवढं वाक्य निघालं असेल. आण्णानं पाय धुतले. अगदी सावकाश, आधी उजवा, मग डावा. मग धोतराच्या सोग्यानं तोंड पुसून म्हणाला, "दोघी बी आवरा. गाडी चुकंल."

पाटील गेले. त्यांनी काय ओळखलं आणि काय नाही, ते कधीच बोलले नाहीत. वहीत नाव मात्र चढलं, माझ्या माहेरच्या गावासकट.

देसूरच्या ठेसनावर ती गाडीत चढेना. रूळ घाटाकडं जात होते. तिला वाटलं, आम्ही गोड बोलून तिला परत नेऊन सोडतोय. तिनं फलाटावरच्या खांबाला मिठी मारली. आण्णा म्हणाला, "गुंजीक उतरूचा, आक्का. फुडं नाय." तो आजवर कुणालाच आक्का म्हणाला नव्हता, आणि मला तर तो नुसतं तू म्हणायचा. डब्यात ती खिडकीला टेकली आणि बाहेर हिरवं रान तिच्या चेहऱ्यावरून सरकत राहिलं. मी झोपेत, जागी, मध्येच कुठंतरी होते. गुंजी आली तेव्हा आधी तीच उठली.

आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं दारात आम्हां दोघींना पाहिलं, आण्णाकडं पाहिलं, आत जाऊन भाकरीचा तुकडा आणि पाणी आणलं आणि दोघींवरून ओवाळून टाकलं.

दुसऱ्या दिवशी न्हाणं झालं आणि आई तेलाची वाटी घेऊन ओटीवर बसली. वर्षभर मी याच घटकेसाठी जगले होते. आईच्या पुढ्यात बसायचं आणि तिनं केस विंचरायचे. मी गेले तर ती आधीच तिथं. आईनं तिचे केस मोकळे सोडले होते.

"थांब," आई मला म्हणाली. "थोरलीचं होऊ दे."

मला असा संताप आला की बस. पोटची लेक मी आहे, असं तोंडापर्यंत आलं होतं. ते बोलून चालणार नव्हतं, म्हणून तर आणखीच राग. मी पाय आपटत गेले, तिला कोपरानं ढोसलं आणि मध्ये घुसून बसले. ती उठली नाही. तिनंही मला तेवढ्याच जोरात ढोसलं.

आईनं फणी आधी माझ्या डोक्यात मारली, मग तिच्या. "भांडू नका गो दोघी," ती म्हणाली.

तेव्हा ती जी रडायला लागली ती दिवस कलेपर्यंत थांबली नाही. आणि मी, तिचा हात घट्ट धरून, अजून रागातच होते.