सुमाक्कांचा तिसरा ढीग

सुमाक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेंगळुरूत एचएसआर लेआउटच्या सिग्नलला ऑटोवाल्याशी मीटरवरून तावातावानं भांडत होते. फोन त्यांच्या धाकट्या बहिणीचा. मी एकदम गप्प झाले, तसा ऑटोवालाच मागे वळून म्हणाला, "काय झालं, अक्का?" त्या एका हाकेनं मला रडूच फुटलं. बिचाऱ्यानं मीटरचा विषय पुन्हा काढला नाही.

नागपूरहून मी इथे आले ती खाणींचे हिशेब मांडणारं सॉफ्टवेअर शिकून, आणि बराचसा शिष्टपणा घेऊन. खाणींना सल्ला देणारं जे. पी. नगरातलं सुमाक्कांचं ऑफिस म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतलं. मराठीत कानडी इतकं मिसळलेलं, की सुरुवातीला मी नुसतीच मान हलवायचे. काम मात्र सोपं करून सांगायच्या. "हे बघ गे, दगड दळून तांबं काढायला खर्च येतो. ज्यात तांबं भरपूर, तो कारखान्यात. ज्यात नाहीच, तो टाकाऊ. डोकेदुखी मधल्याची. आजच्या भावात परवडत नाही, उद्याचं कुणाला ठाऊक?" बाकीचे लोक तो मधला दगड सरळ टाकाऊत लोटायचे. एकदा मिसळला की निवडून काढणं अशक्य. अक्का म्हणायच्या, त्याचा तिसरा ढीग करा, वेगळा.

उत्तरेकडच्या एका तांब्याच्या खाणीचे मालक यावर भडकलेच. वेगळी जागा, ट्रकच्या जास्तीच्या खेपा… "भाव वाढेल कशावरून?" अक्का शांतपणे म्हणाल्या, "माहीत नाही. म्हणूनच वेगळा ठेवा म्हणतेय. तुम्हाला माहीत असतं तर मला कशाला विचारलं असतं?" कुरकुरत का होईना, त्यांनी ऐकलं. आणि भाव पडला! चांगला सणसणीत पडला, आणि पडूनच राहिला. मालकांनी आमचं काम काढून घेतलं. माझी नोकरी गेली असंच मी धरून चालले होते. पण अक्कांनी स्वतःचा पगार थांबवून माझा चालू ठेवला, आणि वर "स्वल्प खाऊन घे, तोंड बघ किती उतरलंय" म्हणत मला डोसा वाढला. मी चिडून म्हटलं, "म्हणजे मी तुमचा तिसरा ढीगच झाले की, बाप्पा!" पहिल्यांदाच त्या माझ्यावर ओरडल्या. "माणसांचे ढीग करायचे नसतात!" मग जरा वेळानं… "दगडाचं मी चुकलेही असेन. पण मिसळून टाकला असता, तर चूक दुरुस्त करायलाही काही उरलं नसतं."

त्यांनी तेव्हा सांभाळून घेतलं नसतं तर मी केव्हाच नागपूरची गाडी धरली असती. हे मी त्यांना सांगितलंही होतं. "सरी, सरी, असू दे," म्हणून त्यांनी विषय बदलला.

परवा त्याच खाणीच्या मॅनेजरचा फोन आला. चांगला दगड संपत आला होता, कारखान्याला टाळं लागायची वेळ आली होती. पण आता भाव चढलाय आणि तो वेगळा ठेवलेला ढीग परवडतोय. सगळ्यांच्या नोकऱ्या वाचल्या. "अक्कांना फोन द्या ना, मला स्वतः सांगायचंय." मी काय झालं ते सांगितलं. तो म्हणाला, "इथे सगळे त्या ढिगाला अक्कांची टेकडी म्हणतात. गवत, झुडपं उगवलीत त्यावर. आता ती राहणार नाही, मॅडम. थोडी ठेवू का, त्यांची आठवण म्हणून?"

माझ्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज चढलाच.

"खबरदार!" मी म्हटलं. "सगळी दळा."