वासूभाऊ एसीवाला आणि आमचा न जेवणारा साप

वासूभाऊ पहिल्यांदा दारात आला तेव्हा माझ्या हातात सापाने ओकून टाकलेला उंदीर होता.

घाण वाटत असेल तर पुढे वाचू नका.
ज्यांनी घरी साप पाळलाय त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचा. तुमच्यातल्या निम्म्यांना त्याला खायला घालता येत नाही.

आज वासूभाऊला जाऊन वर्ष झालं.

२००४ ची गोष्ट. आम्ही कुवेतमध्ये एगैलाला राहायचो. मुलगी केतकी कॉलेजला पुण्याला गेली आणि तिचा साप माझ्या गळ्यात पडला. कॉर्न स्नेक. बिनविषारी. नाव नूडल.

"आई, जस्ट फीड हिम वन्स अ वीक. प्रॉमिस?"
केलं प्रॉमिस.

मी साताऱ्याकडची, चौथी शिकलेली. आमच्यात पाहुणा नको म्हणाला की त्याच्या ताटात अजून एक चपाती पडते. तोच कायदा मी सापाला लावला. आठवड्यातून एकदा खाऊन कोण जगतं? दर दोन दिवसांनी उंदीर. नाही घेतला की तोंडापुढे धरून बसायची. घेतला की लाडाने उचलायची.

त्याने ओकला.
परत दिला. परत ओकला.
महिन्याभरात सुतळी झाली त्याची.

शुक्रवारी केतकीचा फोन यायचा. "डिड ही ईट?"
"भरपूर. तू जेवलीस का?"
"हो गं, भरपूर."
ती मेसमधल्या जेवणाला हात लावत नव्हती, ते मला मागाहून कळलं. मायलेकी बिनधास्त खोटं बोलत होतो.

मी रोज सकाळी पेटीत बघायची, आहे का गेला. गेला तर पोरीला काय सांगू?

त्यात भर ऑगस्टमध्ये एसी गार करेना. बिल्डिंगमध्ये कंप्लेंट केली. एसीचा माणूस आला. कुडाळकडचा, सुलैबियात आठ जणांच्या खोलीत राहणारा. तोच वासूभाऊ.

उंदीर बघून पळेल असं वाटलं होतं. त्याने वर गार हवेच्या डक्टला हात लावला. मग खाली सापाच्या काचेच्या पेटीला लावला.

"वैनी, हेका थंडी लागता."
"तू तुझं एसीचं बघ."
"एसीचाच बघतंय. भायर आग आसा नि हो बिचारो फ्रिजात. थंडीत जनावर खाणा नाय. खाल्ल्यान तरी जिरवतला कसा?"

पेटी मी बरोबर डक्टखाली ठेवली होती. त्याला उकडू नये म्हणून.
आणि वर कंप्लेंट केली होती, अजून गार करा म्हणून.

वासूभाऊने पेटी आतल्या खोलीत नेली, तिथल्या डक्टला पुठ्ठा लावला. पुढच्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, पेट शॉपमध्ये सगळं विचारून हीट मॅट आणि तिचा थर्मोस्टॅट घेऊन आला. पेटीच्या एका टोकाखाली मॅट बसवली. दुसरं टोक गार. त्याला हवं तिथे तो जाईल.

"आता दोन आठवडे फक्त पाणी," म्हणाला.
"उपाशी ठेवू? मरेल तो."
"भूक तेची आसा वैनी, तुमची नाय."

दोन आठवडे मी फ्रीजरमधल्या उंदरांकडे बघत काढले. मग एक बारका उंदीर, चिमट्यात धरून. नूडलने जीभ काढली, विचार केला, घेतला.

राहिला पोटात.

त्या शुक्रवारी केतकीला खरं सांगितलं. ती म्हणाली, "आई, मी पण जेवत नव्हते." तिला मी आग्रह केला नाही. एवढंच म्हणाले, जे आवडतं ते थोडं खा.

आता ऐका.
जिवंत उंदीर टाकू नका, तो सापाला चावतो. फ्रोझन आणा, पिशवीत घालून गरम पाण्यात पूर्ण वितळवा. मायक्रोवेव्ह नको. सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढाच घ्या, मोठा नाही.
हात धुवा आणि चिमटा लांब वापरा. मी कोंबडी साफ केलेल्या हाताने गेले, अंगठ्याला चावला. चूक त्याची नव्हती.
खाल्ल्यावर दोन दिवस उचलायचा नाही. डोळे दुधाळ झाले की कात टाकणार, तेव्हा नाही खाल्लं तरी घाबरू नका.
नागपंचमीला दूध देऊ नका. साप दूध पीत नाही.
उंदीर आइस्क्रीमच्या डब्यात ठेवू नका. आमच्या ह्यांनी उघडला होता. अजून आइस्क्रीम खात नाहीत.
तरीही ओकत राहिला तर जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. मला फोन करू नका.

वासूभाऊ हेच सगळं गोड बोलून सांगायचा. एसी दुरुस्त करता करता कुठेकुठे साप, सरडे बघून यायचा, मालकांना समजावायचा.
मी म्हणायची, "मूर्खांना मूर्ख म्हणावं."
"ओरडलात तर तो परत इचारूक येवचो नाय. मगे मरतला कोण? जनावर."

गेल्या वर्षी त्याच्या पोटाचं दुखणं निघालं. मी चार पुडांचा डबा घेऊन हॉस्पिटलला गेले. त्याने डब्याकडे बघितलंही नाही. हनुवटीपर्यंत ब्लँकेट, आणि कुडकुडत होता. डक्ट बरोबर डोक्यावर.

जन्मभर लोकांची घरं गार केली ह्याने.

सिस्टरशी भांडून पलंग सरकवून घेतला. डबा उघडलाच नाही.
दुसऱ्या दिवशी फक्त पेज नेली. मला कोकणातली पेज येत नाही, तरी केली. तीन चमचे घेतले त्याने. मग मान हलवली.

चौथा चमचा माझ्या हातात भरलेला होता.
मी तो वाटीत परत सोडला.

वासूभाऊ हसला. "शिकलात, वैनी."

चार दिवसांनी गेला.

नूडल म्हातारा झालाय, पण बरा आहे. दहा दिवसांनी एक खातो. मी विचारत नाही.

वासूभाऊ, जिथे असशील तिथे ऊब असू दे.
तुझ्या वैनीचा नमस्कार.