मावशी बोअरवर बसली तेव्हा

“अरे बंद कर ते, मुडद्या! माझं पाणी उडवितो सगळं!”

मावशी बांधावरून ओरडत येत होती, दोन्ही हातांत रिकामे हंडे, आणि मी मशीनजवळ नखशिखान्त भिजून उभा होतो. बंद काय करणार? मशीन केव्हाच बंद केलं होतं. पाणी आपल्या मर्जीनं उडत होतं. किती उंच म्हणाल, तर वरून चाललेली घार भिजली, चिडली आणि वळून सिन्नरकडे निघून गेली. आवाज एवढा, की देवळाली कॅम्पात तोफांचा सराव चालला होता तो त्यांनी थांबवला आणि उलट उत्तर कोण देतंय ते ऐकत बसले. खोटं वाटत असेल तर घारीला विचारा.

माझं सगळं आयुष्य पाण्याच्या बोअरमध्ये गेलं. नाशिक जिल्ह्याची चाळणी कुणी केली असेल तर ती मी. गंगापूर रोडवर ज्या बंगल्यांच्या बागा हिरव्यागार दिसतात, त्यांतल्या निम्म्यांच्या मुळाशी माझं मशीन जाऊन आलंय. उरलेल्या निम्म्यांना माझी तारीख मिळाली नाही. तर असा मी, पुण्याकडे जायच्या नव्या रेल्वेच्या जमीन-चाचणीवर लागलो. लाईन अजून कागदावरच होती. डोंगराखालून बोगदा न्यायचा, तर डोंगराच्या पोटात काय दडलंय ते आधी बघायला हवं. म्हणून आम्ही वरून खोल भोक पाडायचं आणि आतल्या दगडाच्या लांब लांब काकड्या काढून पेटीत ओळीनं मांडायच्या. त्या काकड्या वाचायला एक मॅडम होत्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या. दगडाला जीभ लावून बघायच्या आणि हा दगड पाणी धरतो की नाही ते सांगायच्या. मी पण एकदा लावून बघितली. मला दगडच लागला.

या धंद्यात सगळं उलटं. आजवर पाणी लागलं की पेढे. इथं पाणी लागलं की मॅडमचा चेहरा उतरायचा. त्या दिवशी धार उडाली तेव्हा वाडीतली माणसं गुलाल शोधायला धावली आणि मॅडम मटकन खाली बसल्या.

“काका, वर एवढा दाब आहे,” त्या म्हणाल्या, “आणि आपलं भोक थेट बोगद्याच्या जागेपर्यंत गेलंय. उद्या खाली माणसं खोदायला लागली की हे सगळं त्यांच्या डोक्यावर येणार. तळापासून वरपर्यंत सिमेंटनं भरायचं.”

वाहतं पाणी बुजवायचं! म्हणजे दुभत्या म्हशीच्या सडाला बूच लावायचं. माझा हात सिमेंटच्या गोणीकडे जाईना.

मावशीनं ते ऐकलं. जमीन तिची होती. वाडी चढावर, टँकर चढ चढत नाही, खालच्या वळणावर धापा टाकत उभा राहतो आणि तिथून प्रत्येक हंडा बायांच्या डोक्यावरून वर येतो. इतकी वर्षं हंडे वाहून मावशीची मान अशी ताठ झाली होती, की तिच्याशी बोलायचं तर डोंगरालाच थोडं वाकावं लागायचं. एव्हाना धार ओसरून मनगटाएवढी झाली होती. मावशीनं पाइपाच्या तोंडावर एक घमेलं पालथं घातलं आणि त्यावर बसली. चारी बाजूंनी कारंजं, मध्ये मावशी.

“मावशे, ऊठ. खाली माणसं मरतील.”

“कोन माणसं? हायेत का आता खाली?”

“आता नाहीत. पुढं येतील.”

“मंग म्या पुढं उठते.”

मी गळा ताणून समजावलं. वाडीनं समजावलं, म्हणजे वाडी तिच्याच बाजूनं ओरडली. मॅडमनी मात्र वाद घातला नाही. त्या मावशीसमोर उकिडव्या बसल्या, कारंज्याचं पाणी तोंडावर घेत. म्हणाल्या, “आजी, बोगद्यात उतरणारी मुलं लांबून येतात. आत पाणी फुटलं तर पळायला एकच तोंड असतं.”

मावशीनं पदरानं तोंडावरचं पाणी पुसलं. मग म्हणाली, “आधी मला दुसरं पाणी द्या. ते आलं, की ह्याला बूच मारा. आधी नाय.”

मॅडम उठून पेट्यांकडे गेल्या. आधीच्या भोकांतल्या काकड्या काढल्या, नव्याशी जुळवल्या, जीभ लावली आणि एका लाल थरावर बोट ठेवलं. “पाणी याच्यावरून येतंय. हा थर वाडीकडे उतरत गेलाय. लाईन सोडून, त्या चिंचेच्या पलीकडे उथळ बोअर घेतलं तर हेच पाणी तिथं मिळावं. आणि इथला दाबही जरा हलका होईल.”

“नक्की?”

“जमिनीखालचं नक्की कोण सांगणार, काका? पण मी जबाबदारी घेते.”

मी म्हटलं, मग मशीन माझं आणि डिझेलही माझं. घरून पाण्याच्या बोअरची जुनी गाडी आणली. ती चढ चढताना एवढी खोकत होती, की वाटेतली माणसं तिला काढा आणायला घरात पळाली.

पण वाडी आडवी आली. नारळ न फिरवता बोअर घ्यायचं म्हणजे काय चेष्टा हाय का? काकड्या-बिकड्या रेल्वेला सांगा. तळहातावर आडवा धरलेला नारळ जिथं उभा राहील, तिथं पाणी! मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, आणा नारळ. आणि तळहातावर तो ठेवून निघालो. देवळापाशी फिरलो, गोठ्यापाशी फिरलो, माझ्यामागं अख्खी वाडी. चिंचेच्या पलीकडे पाऊल पडलं आणि नारळ उभा राहिला! एवढा ताडकन, की त्याची शेंडी ढगाला टोचली असती, पण त्या दिवशी ढग नव्हता. तो आपोआप उभा राहिला, हे मी कुठंही शपथेवर सांगायला तयार आहे. अंगठ्याचा विषय कुणी काढू नये.

मॅडम निरभ्र आकाशात काहीतरी शोधत होत्या. मी गाडीचं सामान घ्यायला मावशीजवळून गेलो, तेव्हा ती घमेल्यावरूनच हळू म्हणाली, “अंगठा जपा, भाऊ. कळ येईल.” पण वाडीला ऐकू जाईल असं बोलली नाही.

मशीन सुरू केलं. वर आली ती नुसती धूळ. मग भुगा, परत धूळ. एवढी धूळ उडाली, की कोंबड्या संध्याकाळ झाली समजून खुराड्यात गेल्या. भोक कोरडं गेलं असतं तर मावशी उठली नसती, आणि तिला उचलून बाजूला ठेवायचं काम मी केलं नसतं, हे मी मनात ठरवून टाकलं होतं. मॅडम ओठ चावत उभ्या होत्या. मग भुगा लाल झाला. लाल भुग्याचा चिखल झाला. मशीन बंद केलं, आणि पाणी काठापर्यंत येऊन शांतपणे वाहायला लागलं, आधी गढूळ, मग नितळ. इथं मी काहीच वाढवून सांगत नाही. गरजच नाही.

मावशी उठली. घमेलं काढलं तर खालची धार बोटाएवढी झाली होती. तळापर्यंत नळी सोडून, खिरीसारखं दाट सिमेंट खालून वर भरत आणलं. मॅडम शेवटपर्यंत हलल्या नाहीत. मी आयुष्यात इतकी भोकं पाडली, की ती एकाखाली एक ठेवली तर पलीकडच्या देशात उजेड पडेल. पण छाती काढून दाखवावं असं बुजवलेलं भोक हे एकच. बुजवल्या जागेवर मी हात ठेवून बघितला. टाचणीएवढं पाणी वर येत नव्हतं.

मग चिंचेपाशी मावशीला गाठलं आणि मोठ्या आवाजात म्हणालो, “मावशे, उद्या ह्या डोंगराच्या पोटातून गाडी धडाडत जाईल. आत माणसं कोरडीठाक चहा पीत बसतील. ते कुणामुळं? ह्या मॅडममुळं, तुझ्यामुळं आणि माझ्यामुळं!”

मावशी म्हणाली, “बरं. सरक, हंडा लावू दे.”