बिबट्या न्हवता

"बिबट्या! बिबट्या आला वो!" आसं मी वराडले तवा बिबट्या कुठंच न्हवता. माझा नवरा व्हता. एका हातात मोटारीच्या वायरचा तुकडा, दुसऱ्या हातात माझ्या लेकीचा दंड. तीन वरसाची पोर, दूध सांडलं तिच्या हातनं, एवढंच. मला मारायचे ते मी सोसत आले, पर पोरीवर पहिल्यांदाच हात टाकला. माझ्या हातात गुरांचा घास कापायचा विळा व्हता. त्या विळ्याकडं माझी नजर गेली आन् मला माझीच भीती वाटली, आन् तोंडातनं ते निघून गेलं.

काय सांगू, सगळी वस्ती पळत आली! काठ्या, बॅटऱ्या, कुणी ताट बडवतंय, कुणी फटाके लावतंय. आमच्या केंदूरकडं उसात बिबट्या आसतोच, म्हणून फटाके घराघरात. नवऱ्यानं वायर टाकली, पोर माझ्या कडेवर आली. लग्न झाल्यापासनं मी "मेले, मेले" म्हणून वराडत व्हते, तवा ह्यातलं एकबी कुणी आलं न्हवतं.

आदल्याच आठवड्यात आम्ही बाया कांदा खुरपायला गेलतो. जेवायच्या सुट्टीत जावंच्या मोबाईलवर कोरियाचा पिच्चर बघितला, हिंदीत केलेला. एका बाईला घरात मारत्यात, सारं गाव ऐकून न ऐकल्यासारखं करतंय, मग ती एकेकाचा सूड घेती. माझी चुलत सासू पदरानं डोळं पुसत म्हणली, "काय मेली माणसं! एकालाबी काळीज न्हाई व्हय?" तिची आन् आमची भिंत एक हाय. मी भाकरी हातात धरून नुसती बघत बसले तिच्याकडं.

तर त्या राती वस्ती जमली तवा आप्पा पुढं आले. सासऱ्यांचे थोरले भाऊ, वस्ती त्यांचं ऐकती. "कुठं गेला गं? कुठल्या बाजूला?"

उसाकडं बोट दावलं आस्तं तर सुटले आस्ते. पर मी म्हणलं, "बिबट्या न्हाई आप्पा. हे पोरीला मारत व्हते. मारत्यात म्हणून वराडले आस्ते, तर आला आस्ता का तुम्ही?"

मग मागनं एक दीर म्हणला, "वहिनी, माझी दिवाळीची माळ फुकट गेली की वो!" आन् सगळी हसली. आप्पा हसले न्हाईत. "उद्या खरा आला तर कोण यील? घरातलं घरात ठिवावं, पोरी." आन् गेली की सगळी.

सकाळच्या यष्टीनं पोरीला घिऊन राहू गावाला आईकडं आले. आता आप्पांचा निरोप आलाय. देवळापुढं सगळ्यांची माफी मागायची, खोटं वराडल्याची. मग ते नवऱ्याला समज देणार. आई म्हणती, "माग की, माफीनं काय अंग झिजतंय? नांदायला तर जायचंय." पोर माझा पदर सोडंना.

मी खोटं वराडले, हे खरंच हाय. पर ती वायर वर गेलती, पोर लोंबकळत व्हती, विळा माझ्या हातात व्हता. तवा माझ्या जागी तुम्ही आस्ता, तर काय वराडला आस्ता?