कडक मावशीचं अंग बाहेर आलं तेव्हा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी लाँड्री आहे, तिची मालकीण म्हणजे कडक मावशी. हे नाव तिला खळीवरून पडलं की स्वभावावरून, याबद्दल गिऱ्हाइकांत दोन तट आहेत. तिच्याकडून आलेला शर्ट टेबलावर ठेवला तर एकटा उभा राहतो. आणि तिच्यासमोर उभं राहायचं तर भल्याभल्यांचे पाय लटपटतात.

धुणं आणि खळ तिच्याकडे, इस्त्री काकांकडे. काका म्हणजे तिचा नवरा. ते दिवसभरात जेवढं बोलतात, तेवढं ती एका गिऱ्हाइकाला रंग गेल्याबद्दल ऐकवते. माझं कपडे उसवून-शिवून देण्याचं दुकान त्यांच्या शेजारीच. मध्ये एकच भिंत. त्यांचं मोठं मशीन पिळायला लागलं की माझ्या टेबलावरच्या कात्र्या नाचतात. त्यामुळे पुढे जे सांगते आहे त्यातलं बरंचसं मी भिंतीतून ऐकलंय, आणि उरलेलं मावशीनंच सांगितलंय. यात चोरून ठेवण्यासारखं काही नाही, असं ती आता ठणकावून सांगते. सुरुवातीला मात्र तिनंही चोरूनच ठेवलं होतं.

दोन हॉटेलांच्या चादरी तिच्याकडे यायच्या. ओल्या चादरी मशीनमध्ये एकमेकींत गुंतून त्यांचा दोरखंड होतो. मावशी एक पाय मशीनच्या काठाला लावायची, दात-ओठ खायची आणि सगळा गुंता एका दमात बाहेर ओढायची. तीन बाळंतपणं झाली तरी हा उद्योग चालूच होता. एकसष्टाव्या वर्षी असंच एकदा ओढताना खालच्या बाजूला काहीतरी सरकलं. दुखलं नाही. नुसतं सरकलं.

संध्याकाळी अंघोळीच्या वेळी हाताला काहीतरी लागलं. मऊ, ओलसर, सोललेल्या अंड्याएवढं. गाठ आहे, आता आपलं काही खरं नाही, असं तिला वाटलं. आडवी झाली की ते आत जायचं, त्यामुळे सकाळी उठल्यावर वाटायचं, गेलं बाई एकदाचं. दुपारपर्यंत पुन्हा हजर. दिवसभर उभं राहिलं की कंबरेपासून खाली ओढ लागायची. लघवी होऊन आलं तरी राहिल्यासारखी वाटायची, आणि कधीकधी तर बोटानं ते वर लोटल्याशिवाय होतच नसे. ती स्टुलावर तिरकी बसायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, "स्टूल वाकडं झालंय."

काकांच्या लक्षात आलं ते वेगळ्याच वाटेनं. रविवारी दुपारी दुकान बंद असतं. शटर अर्धं खाली, मशीन गप्प, मुलं आपापल्या घरी. मागच्या खोलीतली ती दुपार त्या दोघांची असायची. लग्नाला पस्तीसच्या वर वर्षं होऊन गेली तरी असायची. आता रविवार आला की मावशीला अचानक गटार साफ करायचं आठवे, नाहीतर पडदे धुवायचे. असं बरेच रविवार गेले. शेवटी काका म्हणाले, "अगं, माझं काही चुकलंय का?"

"तुमचं कशाला चुकेल?"

"मग मी आवडेनासा झालो का?"

त्यांचा पडलेला चेहरा बघून तिला राहवलं नाही. "तुमचं काही नाही हो," ती म्हणाली, "माझंच अंग बाहेर आलंय."

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठले, चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "दाखव."

"अहो, काय हे!"

"आयुष्यभर लोकांच्या कपड्यांवरचे डाग बघतोय. तुझं बघायला मला कसली लाज?"

त्यांनी बघितलं. "दुखतं का?" विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग उद्या डॉक्टरकडे." आणि तिच्यासाठी चहा करायला गेले. मावशी सांगते, एवढ्या महिन्यांत ती पहिल्यांदा रडली ती तेव्हा. भीतीनं नाही. मोकळं वाटलं म्हणून.

मुलगी याच शहरात एका ऑफिसात कामाला. आईला नीट समजणार नाही असं ठरवून तिनं रजा टाकली आणि तिघं एका मोठ्या दवाखान्यात गेली. काका बाहेर बाकावर बसले. डॉक्टर वागायला चांगला होता, हात हलका होता. त्यानं नीट तपासलं. गाठ नाही, म्हणाला. गर्भाशयाला, मूत्राशयाला खालून तोलून धरणारे स्नायू सैल पडलेत, त्यामुळे पिशवी खाली उतरलीय आणि मूत्राशयाला टेकलेली पुढची भिंतही फुगलीय. जिवाला धोका काही नाही. मावशीच्या छातीवरचा धोंडा उतरला.

मग तो खुर्ची वळवून मुलीशी बोलायला लागला.

"आजींचं वय बघता सगळ्यात सोपं म्हणजे खालचा मार्ग शिवून बंद करून टाकायचा. छोटं ऑपरेशन. पुन्हा खाली यायची शक्यता फार कमी. लवकर घरी."

"चालेल," मुलगी म्हणाली. "कधीची तारीख मिळेल?"

"थांब," मावशी म्हणाली. "बंद म्हणजे कुठला मार्ग?"

डॉक्टरनं कागदावर चित्र काढून दाखवलं. मावशीनं ते चित्र हातात घेतलं, उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं.

"म्हणजे दारच लावून घ्यायचं."

"तसंच म्हणा आजी."

"मग तुमचा एक प्रश्न विचारायचा राहिलाय."

"कोणता?"

"त्या दाराची ये-जा चालू आहे का, हा."

मुलीनं "आई!" म्हणून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. डॉक्टर पेनाचं टोपण काढायला आणि लावायला लागला.

"चालू आहे," मावशी म्हणाली. "म्हणजे होती. या भानगडीमुळे थांबलीय. ती पुन्हा चालू व्हावी म्हणून तर मी इथे आले, आणि तुम्ही भिंत बांधायला निघालात. आणि हे सांगताय कोणाला? तर हिला. अंग माझं बाहेर आलंय, हिचं नाही."

डॉक्टरच्या बाजूनं एक सांगायला हवं. तो चिडला नाही. खुर्ची तिच्याकडे वळवली आणि म्हणाला, "बरोबर आहे. मी विचारायला हवं होतं." आणि 'आजी' म्हणायचं बंद केलं. मग त्यानं पहिल्यापासून सांगायला घेतलं. त्रास सोसवत असेल तर काहीच न करता नुसतं लक्ष ठेवता येतं. स्नायूंचे व्यायाम करता येतात, ते मन लावून करावे लागतात. आत रबरासारखी रिंग बसवता येते, ती सगळं वर तोलून धरते, आणि घालायला-काढायला आपलं आपल्याला शिकता येतं. ऑपरेशन करायचंच तर पिशवी काढून भिंत शिवता येते, नाहीतर पिशवी ठेवून ती वर टाक्यांनी टांगता येते. मार्ग दोन्हीत उघडा राहतो, पण काही वर्षांनी पुन्हा खाली येऊ शकतं. "घाई कशाचीच नाही," तो म्हणाला. "तुम्ही ठरवा."

बाहेर आल्यावर मुलगी कडाडली. "तुला जराही लाज वाटली नाही? या वयात?"

"या वयात काय? लाज त्या वयात वाटली असती तर तू आज इथे उभी नसतीस."

मुलगी तरातरा निघून गेली. काका बाकावरून उठले आणि म्हणाले, "काय झालं?" मावशी म्हणाली, "काही नाही. तुमच्या बाजूनं भांडून आले." मुलीनं त्यानंतर बरेच दिवस फोन उचलला नाही.

रिंग घेऊन बघायचं असं मावशीनं ठरवलं. पहिली रिंग लहान पडली. दुकानातल्या संडासात ती टपकन खाली आली, आणि मावशीनं आतून मला हाक मारली, "अगं, माझी बांगडी पडली, चिमटा आण!" मी चिमटा नेऊन दिला आणि आम्ही दोघी दाराच्या अल्याड-पल्याड हसून हसून बेजार झालो. हसताना तिचं आणखी खाली आलं ते वेगळंच. दुसऱ्या खेपेला मोठी बसवली, ती टिकली. चालताना मध्ये काही आहे असं वाटेनासं झालं. ती सरळ बसायला लागली.

व्यायाम शिकवायला दवाखान्यातच एक बाई होत्या. लघवी आणि वारा दोन्ही एकदम अडवल्यासारखं आतून आवळायचं, वर उचलायचं, सोडायचं, आणि श्वास रोखायचा नाही. मावशी ते गल्ल्यावर उभ्या उभ्या करायची. एकदा एक गिऱ्हाईक तावातावानं हरवलेल्या रुमालाबद्दल बोलत होता आणि ही त्याच्याकडे टक लावून गप्प उभी. त्याला वाटलं, हिचा राग अनावर होतोय. बिचारा रुमालावर पाणी सोडून निघून गेला.

खरं भांडण झालं ते चादरींवरून. ओढाओढी बंद, असं डॉक्टरनं बजावलं होतं. म्हणून नवराबायकोनं कामं बदलली. काका ओल्या कपड्यांकडे, मावशी इस्त्रीला. मावशीच्या हातची पॅन्ट म्हणजे एका पायाला दोन घड्या. गल्लीतले निम्मे लोक तेव्हा तसेच हिंडत होते आणि बोलायची कोणाची छाती नव्हती. पण काकांनाही ते ओलं ओझं झेपेना. मग मावशीनं दोन्ही हॉटेलांना निरोप धाडला, की यापुढे चादरी लहान गाठोड्यांतून द्या, एका वेळी थोड्याच धुऊन मिळतील. एका हॉटेलचा मॅनेजर स्वतः आला.

"इतकी वर्षं चाललं की मावशी. आत्ताच काय झालं?"

"ओझं उचलून उचलून माझी पिशवी बाहेर आली," मावशी म्हणाली. "तुमच्या चादरी ओढताना."

मॅनेजरनं आधी तिच्या हातातल्या कापडी पिशवीकडे पाहिलं. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो कानापर्यंत लाल झाला. दुसऱ्या दिवसापासून त्यानं काम दुसरीकडे दिलं. दुसऱ्या हॉटेलनं मात्र लहान गाठोडी पाठवायला सुरुवात केली, एक अक्षर न विचारता. तिथे चादरींचं खातं एक बाई बघत होती.

रिंगवर दोनेक वर्षं बरी गेली. मग रिंग घासून आत जखम झाली, रक्ताचे डाग दिसायला लागले. डॉक्टरनं रिंग काढून ठेवली, मलम दिलं. जखम भरली, पण रिंग काढल्याबरोबर सगळं पुन्हा खाली. पुन्हा घातली, पुन्हा घासली. मावशीला वैताग आला.

त्याच सुमाराला तिची नणंद राहायला आली. वयानं मोठी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. ती सहज बोलून गेली, "वहिनी, मी तर दार बंदच करून घेतलं. कटकट गेली. आता जिना चढते, उतरते, खुशाल असते."

मावशी चमकली. "तुम्हाला वाईट नाही वाटलं ताई?"

"मला कशाला वाईट वाटेल? मीच मागून घेतलं. डॉक्टर म्हणत होती विचार करा, मी म्हटलं केलाय."

मावशी मला नंतर म्हणाली, "बघ, ऑपरेशन वाईट नव्हतं. मला न विचारता ठरवलं, ते वाईट."

शेवटी ती पुन्हा त्याच डॉक्टरकडे गेली, आणि या वेळी मुलगीही सोबत होती. राग सोडून स्वतःहूनच आली होती. आईची पर्स धरून कोपऱ्यात बसली. मावशीनं प्रश्न ठरवूनच ठेवले होते. पिशवी काढली नाही तर काय बिघडेल? काढली तर काय सुधारेल? पुन्हा खाली आलं तर? आणि रविवार कधी सुरू करता येईल? शेवटचा प्रश्न डॉक्टरला कळला नाही. कोपऱ्यातून मुलगीच म्हणाली, "ती आणि बाबा, याबद्दल विचारतेय ती." मान खाली घालूनच म्हणाली, पण म्हणाली.

मावशीनं पिशवी ठेवून ती वर टांगून घ्यायची आणि पुढची भिंत शिवायची, असं ठरवलं. "माझी आहे, दुखत-खुपत नाही, राहू दे," एवढंच तिचं म्हणणं. ऑपरेशन नीट झालं. त्यानंतर बरेच आठवडे तिला काही उचलायची बंदी होती. ती दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसायची आणि काकांना, मदतीला ठेवलेल्या बाईला, रस्त्यावरून जाणाऱ्या हातगाडीवाल्यालासुद्धा सूचना द्यायची. डॉक्टरनं ठरवून दिलेली मुदत संपली, आणि पुढच्या रविवारी शटर अर्ध्यावर न थांबता पार खालपर्यंत आलं. मी भिंतीला कान लावला नाही. रेडिओ मोठ्यानं लावला.

परवा ती तपासणीला गेली होती. मीही सोबत होते, माझं दुसरं काम होतं तिथे. ती बाहेर आली तेव्हा काका बाकावरून धडपडत उठले.

"काय म्हणाले?"

"पुढची भिंत थोडी पुन्हा उतरलीय म्हणे."

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे सगळं वाया गेलं?"

"वाया कसलं? वर्षभर मजेत हिंडले ते काय फुकट? त्रास काही नाही, सध्या काही करू नका म्हणालाय. पुढे वाटलं तर वेगळी रिंग आहे, आणखी काय काय आहे. मी म्हटलं, मला वाटेल तेव्हा मी येईन, तुम्ही तारीख काढत बसू नका." तिनं काकांच्या खांद्यावरचा धागा झटकला. "आणि असं तोंड पाडून उभे राहू नका. लोकांना वाटेल, तुमचंच काहीतरी बाहेर आलंय."

बाकावर बसलेल्या दोघी-तिघी बायका फस्सकन हसल्या. त्यातल्या एकीनं पदर तोंडाला लावला आणि हळूच सरकून मावशीला बसायला जागा करून दिली. मावशी बसली, सरळ.