तुमच्या तोंडून सांगा

चौथीतून शाळा सोडली आणि चिरेखाणीत गेलो. चिरे कापायचं मशीन सगळा जन्म उजव्या कानाशी वाजत राहिलं. त्या कानाने हल्ली काही ऐकू येत नाही. हे घरात कोणाला सांगितलेलं नाही, तर इस्पितळात कशाला सांगू?

गेल्या साली दम लागून रत्नागिरीत एका इस्पितळात पडलो होतो. शेजारच्या कॉटवर राजापूरकडचा एक म्हातारा, साखरेचा पेशंट. त्याला सारखं लघवीला जावं लागे, आणि संडास माझ्या कॉटजवळ. म्हटलं, "तू इकडे ये, मी तिकडे पडतो." बदलली जागा. विचारायचं कोणाला? मला काय, कुठेही पाठ टेकली की झालं.

दुपारी जेवणाआधी नवी सिस्टर आली, माझ्या नातीच्या वयाची. हातात इंजेक्शन. उजवीकडून काहीतरी विचारलं. मी मान हलवली. मी बहुतेक सगळ्यालाच मान हलवतो. माणसं लवकर जातात.

ही गेली नाही. वाकून मोठ्याने म्हणाली, "आजोबा, नुसती मान नको. नाव तुमच्या तोंडून सांगा. पूर्ण."

"चार दिस पडलोय हितं. अजून नाव ठाऊक नाय तुमाला?"

"कागदावर आहे. पण मला तुमच्याकडून हवंय."

"टोचायचं तर टोचा, नायतर जावा."

"मग मी उभी आहे इथे."

समोरच्या कॉटवरचा हसला. "सांगा ओ, उखाणा घ्या नाय म्हणत ती!"

डोकं फिरलं माझं. पण भांडायला छातीत दम नव्हता. बापाच्या नावासकट नाव टाकलं तिच्यापुढे.

तिने माझ्या मनगटावरची पट्टी वाचली. कागद वाचला. परत पट्टी वाचली. मग हात मागे घेतला.

"आजोबा, हे साखरेचं इंजेक्शन आहे, शेजारच्यांचं. तुम्हाला दिलं असतं तर साखर उतरून शुद्ध गेली असती. मी त्यांचं नाव घेतलं, तेव्हा हो का म्हणालात?"

मला ऐकू आलं नाही. एवढे चार शब्द. जीव वाचला तरी ते तोंडातून निघेनात.

"झोपेत होतो," म्हटलं.

ती वाद घालत बसली नाही. टेबलापाशी जाऊन मोठ्या सिस्टरला आमच्या अदलाबदलीचं सांगितलं. वर म्हणाली, "मी कॉट बघून सरळ तिकडे गेले, हेही लिहून ठेवते." कोणी विचारलंही नव्हतं तिला. डाव्या कानाने सगळं ऐकलं मी, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो.

संध्याकाळी तीच गोळ्या घेऊन आली. कॉटला वळसा घालून डाव्या बाजूला स्टूल ओढलं, बसली आणि अगदी हळू म्हणाली, "आजोबा, नाव?"

वॉर्डात कोणाला काही कळलं नाही. मी नाव सांगितलं.